कच्चं लायसन्स, शहरातली गाडी आणि विम्याचा खरा खर्च

घरात कुणाला अठरा पूर्ण झाली, कच्चं लायसन्स हातात आलं, की पहिला प्रश्न निघतो: आता गाडी हा किंवा ही पण चालवणार, तर विम्याचा हप्ता किती वाढेल? आपल्याकडचं उत्तर सोपं आहे. एक रुपयाही वाढत नाही. कच्चं लायसन्स असलेल्या माणसाची खरी किंमत क्लेमच्या वेळी कळते, आणि ती कधीकधी हप्त्याच्या शेकडो पट असते. हे उलगडून सांगावंसं वाटलं, कारण बहुतेक घरांत चौकशी हप्त्याची होते आणि क्लेमच्या अटी कुणी वाचत नाही.

गोंधळाचं एक कारण म्हणजे आपण नेटवर वाचतो ते बरंचसं परदेशातलं असतं. ब्रिटनमध्ये विमा कंपनी आधी विचारते की गाडी कोण चालवणार, वय काय, लायसन्स शिकाऊ की पूर्ण, किती वर्षांपासून. त्यावर हप्ता ठरतो आणि नव्या पोरांना तो जड जातो. न्यूझीलंडमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ नावाचं मधल्या पायरीचं लायसन्सच आहे. ते असलेल्याला रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने गाडी चालवता येत नाही. भारतात ही मधली पायरी नाही. इथे कच्चं आणि पक्कं, एवढंच. आणि इथे विमा उतरतो तो गाडीचा. पॉलिसीवर मालकाचं नाव असतं, पण चालवणाऱ्यांची यादी नसते. म्हणून मुलगा किंवा मुलगी शिकायला लागली हे कंपनीला कळवायची पद्धतही आपल्याकडे नाही.

मग हप्ता ठरतो कशावर? त्याचे दोन भाग आहेत. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कुणी दगावलं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सक्तीचा. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी कारला 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897 रुपये असा दर आहे. यात शहराचा, वयाचा, लायसन्सचा काही संबंध नाही. दुसरा भाग ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात त्यात हे दोन्ही भाग असतात. ओन डॅमेजचा दर कंपन्या स्वतः ठरवतात. गाडीची आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाऊन धरलेली किंमत, इंजिनाची क्षमता, गाडीचं वय, मागच्या वर्षांत क्लेम घेतला की नाही, आणि गाडीची नोंदणी कुठली, यांवर तो हलतो.

नोंदणी कुठली यावरच शहराचा मुद्दा येतो. जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन झोन केले होते. ‘ए’ झोनमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं, बाकी सगळा देश ‘बी’मध्ये. 1 जानेवारी 2007 पासून कंपन्यांना स्वतःचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, तरी त्या जुन्या दराच्या टक्केवारीवरून फरक लगेच कळतो. पाच वर्षांच्या आतली, 1200 सीसीची, सहा लाख आयडीव्हीची गाडी घ्या. ए झोनचा दर 3.283 टक्के, म्हणजे 19,698 रुपये. बी झोनचा 3.191 टक्के, म्हणजे 19,146. पुण्याच्या गाडीला नाशिकच्या गाडीपेक्षा 552 रुपये जास्त. कंपन्या यावर भरपूर सूट देतात, त्यामुळे प्रत्यक्षात भरायची रक्कम बरीच कमी असते आणि हा फरकही आणखी बारीक होतो. शहरात राहतो म्हणून विमा महाग, ही तक्रार या हिशेबात फारशी टिकत नाही. शहर महाग पडतं ते घासाघाशीने. पार्किंगचा खांब, मागून टेकलेली रिक्षा, सोसायटीच्या गेटची कडा. आणि नवशिक्याच्या हातात गाडी असली की नेमकं हेच होतं.

त्यातला एक छोटा प्रसंग हिशेबात मांडून बघू. शिकणाऱ्याने पार्किंगमधून गाडी काढताना पुढचा बंपर खांबाला ठोकला. नवीन बंपर 8,000 रुपयांचा. मजुरी आणि रंगकाम तूर्त बाजूला ठेवू. बंपर प्लॅस्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के घसारा कापतात. राहिले 4,000. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने स्वतः सोसायचे 1,000 वजा. कंपनीकडून मिळाले 3,000.

आता दुसरी बाजू. तुम्ही पाच वर्षं क्लेम घेतला नव्हता, म्हणून ओन डॅमेजच्या हप्त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस मिळत होता. या एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि पुन्हा पायरी पायरीने चढतो: 20, 25, 35, 45, मग 50. बोनसआधीचा ओन डॅमेजचा हप्ता 10,000 रुपये आहे असं धरलं, तर पहिल्या वर्षी 5,000 जादा भरावे लागतील, दुसऱ्या वर्षी 3,000, मग 2,500, 1,500 आणि शेवटी 500. पाच वर्षांत मिळून 12,500 रुपये. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी निघेल. पण 3,000 मिळवण्यासाठी घातलेले पैसे त्याच्या कितीतरी पट आहेत हे बदलत नाही. वर्कशॉपमध्ये ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू’ असं सुचवलं गेलं की हा हिशेब कागदावर मांडा, मगच हो म्हणा. माझ्या मते घरात कुणी शिकत असेल त्या वर्षी झिरो डेप्रिसिएशनचं जादा कव्हर घ्यावं, कारण बंपर आणि आरशांवरची 50 टक्के कपात त्याने टळते. आणि हप्त्यात सूट मिळते म्हणून स्वतः सोसायची रक्कम वाढवून घ्यायचा पर्याय त्या वर्षी नको. जुन्या दरपत्रकात 5,000 रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली तर सूट जास्तीत जास्त 1,500 रुपयांची होती. शिकाऊ हातांसाठी हा सौदा बरोबर नाही.

पॉलिसीतली ती दोन वाक्यं

खासगी कारच्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा बारीक टायपातला मजकूर असतो. मला विचाराल तर सगळ्या पॉलिसीत शिकणाऱ्याने वाचावा असा मजकूर हाच. त्याचा आशय असा: विमाधारकासह कुणीही गाडी चालवू शकतो, पण अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि लायसन्स मिळवायला तो अपात्र ठरलेला नसावा. कच्चं लायसन्स असलेलाही चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 3 च्या अटी पाळलेल्या असायला हव्यात.

म्हणजे कच्च्या लायसन्सवर विमा चालतो. ‘पक्कं होईपर्यंत इन्शुरन्स लागू नाही’ ही ऐकीव गोष्ट चुकीची आहे. पण तो चालतो नियम 3 पाळला तरच, आणि तिथेच बहुतेक घरं ढिली पडतात.

नियम 3 सांगतो की कच्चं लायसन्स त्या दिवशी चालू असलं पाहिजे. ते सहा महिन्यांचं असतं. तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, पण परीक्षा, नोकरी, सुट्ट्या यांत मुदत कधी उलटली हे कळत नाही. दुसरं, शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो गाडी थांबवू किंवा आवरू शकेल अशा जागी बसलेला हवा. हा माणूस ड्रायव्हिंग स्कूलचाच असला पाहिजे असं नाही. आई, वडील, मोठी बहीण चालेल. पण मागच्या सीटवर बसलेले बाबा चालणार नाहीत. स्कूटरचंच लायसन्स असलेला मित्रही नाही. तिसरं, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला छोटासा स्टिकर या मापात बसत नाही.

यातला शेजारच्या माणसाचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. दूध आणायला, क्लासला, ‘इथेच तर जायचंय’ म्हणून मुलं एकटी गाडी काढतात. त्या फेरीत गाडीचं नुकसान झालं तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारायला कंपनीकडे चोख कारण असतं. क्लेम फॉर्मवर चालवणाऱ्याचं नाव, लायसन्सचा नंबर आणि प्रकार, मुदत, गाडीत आणखी कोण होतं हे सगळं विचारलेलं असतं. लायसन्सची नोंद ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर तपासता येते.

इथेच एक सल्ला कानावर येतो: ‘ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव टाका.’ कळकळीने सांगतो, हे करू नका. सर्व्हेअरचा अहवाल, सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही, पोलिसांचा पंचनामा, हॉस्पिटलचे कागद, यांतलं एकही जुळलं नाही की सगळा क्लेम खोट्या माहितीवरून जातो. त्यात कुणी जखमी झालं असेल तर प्रकरण विम्याचं राहतच नाही, खोटा जबाब दिल्याचं होतं. बंपरच्या खर्चासाठी बापाने एवढा धोका पत्करावा असं त्यात काही नाही.

दुसऱ्याला लागलं तर

थर्ड पार्टीचा भाग वेगळ्या रीतीने चालतो. जखमी माणसाचा किंवा मृताच्या कुटुंबाचा तुमच्या लायसन्सशी काही संबंध नाही, आणि कायद्याने त्यांची बाजू आधी धरली आहे. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, कच्चं लायसन्स हेही कायद्याच्या अर्थाने लायसन्सच आहे, आणि ते असलेला गाडी चालवत होता एवढ्यावरून कंपनीला पीडितांची भरपाई नाकारता येणार नाही. दोन, लायसन्सच्या अटीचा भंग झाला असं म्हणणाऱ्या कंपनीने मालकाची चूक आणि निष्काळजीपणा सिद्ध केला पाहिजे.

तरीही मालक निर्धास्त राहू शकत नाही. लायसन्सच नव्हतं, मुदत संपली होती, किंवा ते दुसऱ्याच प्रकारच्या गाडीचं होतं, असं सिद्ध झालं की मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा आदेश देतं: कंपनीने पीडितांना आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. वकिलांच्या बोलण्यात हे ‘पे अँड रिकव्हर’. अनेक आदेशांत कंपनीला त्यासाठी नवा दावाही लावावा लागत नाही, त्याच आदेशावर वसुली सुरू होते. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो. गाडी कुणी चालवली हा प्रश्न तिथे दुय्यम होतो.

ही रक्कम किती असू शकते ते बघा. अपघातात 32 वर्षांचा, पक्की नोकरी असलेला, महिना 25,000 रुपये कमावणारा माणूस गेला. मागे बायको, एक मूल आणि आई. वर्षाचं उत्पन्न 3,00,000. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळीशीच्या आतल्या पक्क्या नोकरदाराच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे 50 टक्के मिळवतात, म्हणजे 4,50,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले 3,00,000. सरला वर्मा निकालातल्या कोष्टकात या वयाला गुणक 16. झाले 48,00,000. त्यावर अंत्यसंस्कार आणि इतर ठरावीक रकमा, शिवाय दाव्याच्या तारखेपासून व्याज. एका मध्यमवर्गीय घराच्या फ्लॅटवर येईल असा हा आकडा आहे, आणि मृताचा पगार अगदी साधा धरून काढलेला आहे. कच्च्या लायसन्सचा खर्च असा शोधायचा असतो. तो हप्त्याच्या पावतीवर दिसत नाही.

अठराच्या आतल्या मुलांबद्दल तर बोलायलाच नको अशी स्थिती आहे. कारचं कच्चं लायसन्सच त्यांना मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199-ए नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, त्यानंतर हे कलम घराघरांत माहीत झालं. अशा वेळी विमा कुटुंबाला वाचवेल या भ्रमात कुणी राहू नये.

लायसन्स आहे, पण या गाडीचं नाही

कच्च्या लायसन्सइतकीच अडचण अर्धवट लागू असणाऱ्या लायसन्सने होते, आणि शहरात ही माणसं खूप आहेत. वीस वर्षांपूर्वी स्कूटरसाठी लायसन्स काढलं, पुढे कार घेतली, कार्डावर एलएमव्ही, म्हणजे कार ज्यात येते तो हलक्या वाहनांचा प्रकार, कधी चढवलाच नाही. अशा माणसाकडे कारपुरतं वैध लायसन्स नाही. त्याला ओन डॅमेज मिळणार नाही आणि थर्ड पार्टीत वसुली अंगावर येऊ शकते. आज कार्ड हातात घेऊन मागच्या बाजूचे वाहनप्रकार वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. ऑटोमॅटिक कार शिकलेल्यांना मात्र एक दिलासा: आपल्याकडे एलएमव्हीमध्ये गिअरची आणि बिनगिअरची कार असा भेद नाही. तो भेद दुचाकीला आहे.

मुदतीचंही तसंच. पूर्वी लायसन्स संपल्यावर तीस दिवस ते चालू धरलं जायचं. 2019 च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी करता येतो, तर तो आधीच करावा. चाळिशी आली की कार्ड बघायचंच, कारण तिशीच्या आत काढलेली लायसन्स आता चाळिसाव्या वर्षापर्यंतच देतात.

टॅक्सी किंवा छोटा टेम्पो चालवणाऱ्यांचा एक जुना वाद मात्र मिटला आहे. साधं एलएमव्ही लायसन्स आहे, व्यावसायिक वाहनाचा वेगळा शेरा नाही, या कारणाने कंपन्या क्लेम अडवायच्या. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी प्रकरणात सांगितलं की 7,500 किलोच्या आतल्या वाहनाला एलएमव्ही लायसन्स पुरतं.

पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याचं लायसन्स नोकरीवर घेतानाच बघा, फोटो काढून ठेवा, गाडी चालवून दाखवायला सांगा. ते लायसन्स पुढे बनावट निघालं तरी एवढी काळजी घेतलेल्या मालकाला आरटीओत जाऊन खातरजमा केली नाही म्हणून दोषी धरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ऋषी पाल सिंग प्रकरणात म्हटलं आहे. ही काळजी घेतली होती हे मात्र तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

अपंगत्वामुळे बदल करून घेतलेल्या गाडीचं लायसन्स असलेल्यांनी वेगळं विचारावं. अशा गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर जुन्या दरपत्रकात 50 टक्के सूट होती. त्यासाठी गाडीतला बदल आरसी बुकावर नोंदवलेला लागतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी स्वतः मागणी करा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेहून आलेली मुलं. भारतातलं लायसन्स केव्हाच संपलेलं असतं, खिशात तिथल्या राज्याचं कार्ड असतं, आणि अंगणात वडिलांची गाडी उभी असते. नुसत्या त्या कार्डावर इथे गाडी चालवता येत नाही, सोबत तिथूनच काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते निघण्यापूर्वी तिकडेच काढायचं असतं, इथे पोचल्यावर आरटीओत मिळत नाही. म्हणून तिकीट काढल्याचा फोन आला की त्याच फोनवर परमिटचं सांगून टाका.